कोयत्याला ‘पाणी’ का देतात? – पाणी या शब्दाचे अर्थ आणि वापर

हरणाई (मूळ धागा)

गेल्या महिन्यात गावी असताना घरातला जुना कोयता घेऊन मी लोहाराकडे गेले होते. कोयत्याची धार टिकत नव्हती. अर्धा बांध साफ केला की पाते बोथट होत असे. लोहारकाकांनी धारेवरून कानस एकदाच फिरवली, तिचा आवाज ऐकला आणि सांगितले, ‘याचं पाणी गेलंय. धार लावून उपयोग नाही, पाणी द्यावं लागेल.’

त्यानंतर जे पाहिले ते मी जसेच्या तसे सांगते. त्यांनी पाते भट्टीत धरले आणि धारेकडची कड जास्वंदीसारखी लाल झाल्यावर ते ऐरणीवर ठोकून सरळ केले. मग पुन्हा तापवून फक्त धारेची दोन बोटे रुंदीची पट्टी दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवली. बाहेर काढल्याबरोबर त्यांनी धार विटेच्या तुकड्यावर घासून उजळ केली आणि तिच्याकडे एकटक बघत राहिले. पात्याच्या पाठीत ऊब शिल्लक होती. ती धारेकडे सरकू लागली तसा उजळलेल्या पोलादावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग आला, मग तो तांबूस झाला आणि त्याच्या मागून जांभळी छटा येऊ लागली. तांबूस रंग धारेच्या टोकाला टेकताच त्यांनी अख्खा कोयता डोणीत बुडवला. तो कोयता तेव्हापासून उत्तम चालतो आहे.

परतताना मनात आलेला प्रश्न येथे मांडते. पाणी तर डोणीतच राहिले, मग कोयत्यात गेले ते काय? त्याच ‘पाण्या’ला आपण मोत्याचे पाणी म्हणतो, पाणीदार डोळे म्हणतो, एखाद्या माणसाचे पाणी जोखतो. हे सारे अर्थ एकमेकांपासून निघाले आहेत की निरनिराळ्या वाटांनी आले आहेत? आपापल्या कामात आणि आपापल्या भागात हा शब्द कसकसा वापरला जातो, हेही सर्वांनी लिहावे, अशी विनंती आहे.

पाटकरी

हरणाई, धाग्यासाठी आभार. मी शेतकरी आहे, त्यामुळे शेतातल्या पाण्याविषयी लिहितो.

शाळेच्या व्याकरणात पाणी हा शब्द मोजता न येणाऱ्या वस्तूचे नाव म्हणून शिकवतात. आमच्याकडे मात्र पाणी मोजले जाते. ‘गव्हाला पाच पाणी झाली’, ‘हरभऱ्याला दोन पाण्यांवर काढलं’, ‘कांदा तिसऱ्या पाण्याला आहे’ ही रोजची वाक्ये आहेत. येथे पाणी म्हणजे एकदा दिलेले पूर्ण भरणे. पेरणीनंतर सुमारे एकवीस दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात आणि त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात, त्यामुळे बांधावर दोन शेतकरी भेटले की तारीख न विचारता ‘कितवं पाणी चालू आहे?’ असे विचारतात आणि त्या एका उत्तरावरून पिकाचे वय, जमिनीची ओल व विहिरीची स्थिती अशा तिन्ही गोष्टी कळतात.

पाणी ‘धरणे’ हाही शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. रात्री वीज आली की आम्ही दारे धरायला जातो. पाटाचे पाणी एका सरीत सोडायचे, सरी शेवटपर्यंत भिजली की खोऱ्याने मातीचा बांध टाकून ते दार बंद करायचे आणि पुढच्या सरीचे दार फोडायचे. विदर्भात यालाच ओलित करणे म्हणतात, नाशिक-खानदेशाकडे ‘बारे देणे’ असेही ऐकले आहे. कालव्याच्या कार्यालयात ज्याला आवर्तन म्हणतात त्याला आम्ही पाण्याची पाळी म्हणतो.

माझ्या नावाचाही येथे संबंध आहे. पांझरा आणि मोसम या नद्यांवर बंधाऱ्यांची जी जुनी फड पद्धत आहे, तिच्यात प्रत्येकाच्या शेताला ठरल्याप्रमाणे पाणी पोहोचवणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात. त्याच्या शब्दावर गावाचा विश्वास असावा लागतो. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हे वाक्य शहरात संशय व्यक्त करण्यासाठी वापरतात. पाटाच्या तोंडाशी पूर्ण धार आणि शेवटच्या शेतात निम्मी धार, असे ज्याने पाहिले आहे, त्याच्या मनात हे वाक्य ऐकताना पाटाकाठची एखादी ओलसर, हिरवी जागा उभी राहते. शोधायला गेले की पाणी तेथेच मुरत असते.

शेवंती

स्वयंपाकघरातली भर घालते. माझ्या आजीच्या घरी पाण्याला किमान आठ-दहा विशेषणे होती आणि प्रत्येकाला स्वतंत्र काम होते. निवळ, गढूळ, मचूळ, कोमट, कढत हे शब्द आजही सर्वांना माहीत आहेत. ‘जड पाणी’ म्हणजे ज्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही ते, म्हणजे ज्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक आहेत ते. पण तिने हे डाळीवरूनच ओळखले होते. ‘शिळे पाणी’ म्हणजे कालचे भरलेले. ते खराब झालेले नसले तरी सकाळी झाडांना घालून हंडे-कळशा नव्याने भरल्या जात.

शिवाय पाणी ‘सुटते’. चिरलेल्या काकडीला मीठ लावले की पाणी सुटते, दह्याला सुटते आणि चिंच पाहून तोंडाला सुटते. येथे पाणी कोणी घालत नाही, ते आतूनच येते, म्हणून हे क्रियापद मला फार नेमके वाटते.

अभ्रक

हरणाई यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते तेज किंवा प्रतिष्ठा या अर्थाचे ‘पाणी’ फारसीच्या सहवासातून मराठीत रुजले असावे. फारसीत पाण्याला ‘आब’ म्हणतात आणि त्या भाषेत आब म्हणजे रत्नाची झळाळी, तलवारीची धार आणि माणसाचा मानही. आपण ‘आब राखणे’ म्हणतो ते यातूनच. ‘अब्रू’ हा शब्द तर उघडच ‘आब-ए-रू’ म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी आहे. अब्रू गेली असे म्हणताना आपण चेहऱ्यावरचे पाणी गेले असेच म्हणत असतो आणि ‘पाणउतारा’ या आपल्या शब्दाची घडणही अगदी तशीच आहे.

हा आब मराठीत किती ठिकाणी लपला आहे, ते पाहण्यासारखे आहे. गुलाब म्हणजे मुळात फुलाचे पाणी, म्हणजे आपण आज ज्याला गुलाबपाणी म्हणतो ते. फुलाचे नाव म्हणून तो शब्द आपल्याकडे नंतर स्थिरावला. हाच गुलाब अरबीत ‘जुलाब’ झाला आणि औषधाच्या गोड पेयावरून रेचकाच्या अर्थाने आपल्याकडे परत आला. मद्य गाळण्याच्या धंद्यावरून आबकारी, पाच नद्यांवरून पंजाब. तेव्हा मोत्याचे पाणी आणि पाणीदार घोडा हे ‘आबदार’ या शब्दाचे मराठी रूपांतर आहे, असे मानायला जागा आहे.

शब्दशोध

अभ्रक यांचा प्रतिसाद उत्तम आहे. अब्रू आणि आब यांच्याविषयी त्यांनी लिहिलेले मला पूर्ण मान्य आहे, परंतु शस्त्राच्या पाण्याविषयी मी सहमत नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तलवारीच्या लक्षणांचे प्रकरण आहे आणि त्यात पोलादाला निरनिराळे द्रव ‘पाजण्याची’ चर्चा आहे. त्यासाठी ‘शस्त्रपान’ हाच शब्द वापरलेला आहे. तेथे रक्त, तूप, पाणी, प्राण्यांचे दूध असे अनेक द्रव सांगितले आहेत आणि कोणत्या इच्छेसाठी कोणता द्रव घ्यावा, हेही सांगितले आहे. म्हणजे पोलाद पिते, ही कल्पना आपल्याकडे फारसीचा सहवास येण्यापूर्वी कित्येक शतके होती. नंतर दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि एकाने दुसऱ्याला बळ दिले, असे म्हणणे अधिक योग्य होईल. संस्कृतातले ‘आपः’ आणि फारसीतले ‘आब’ हे तर मुळात एकाच कुळातले शब्द आहेत.

खेड्यात ‘विळा पाजवून आण’ म्हणतात. पिणे, पाजणे, पाजवणे हीच ओळ त्यामागे असावी, असे मला वाटते. ‘शस्त्रे पाजळणे’ हा प्रयोग त्याहून वेगळा आहे, तो प्रज्वलनाशी संबंधित आहे.

आता पाणी या शब्दाविषयी. संस्कृत ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगे, यापासून प्राकृतातून ‘पाणी’ झाला. व्युत्पत्तीने पाहिले तर समुद्राच्या पाण्याला पाणी म्हणता येणार नाही, पण भाषेने ते बंधन केव्हाच ओलांडले. विवाहातल्या ‘पाणिग्रहणा’तला पाणि म्हणजे हात. तो निराळा शब्द आहे आणि त्याचा येथे काही संबंध नाही. गाईच्या ‘पान्ह्या’चेही तसेच, तो प्रस्नव या शब्दावरून आला आहे.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. पाणी हा शब्द समासात दुसऱ्या जागी गेला की त्यातला ‘प’ मऊ होऊन ‘व’ होतो. दीपाचा दिवा झाला, कपाटाचे कवाड झाले आणि नापिताचा न्हावी झाला, तोच नियम येथे लागतो. पुरणपोळीबरोबरची गुळवणी म्हणजे गुळाचे पाणी. मिठवणी, ताकवणी आणि भांडी विसळल्यावर उरणारी खरकटवणी यांतही तेच पाणी आहे. शब्द पुढे असला की मात्र ‘प’ टिकतो: पाणवठा, पाणलोट, पाणबुडी, पाणकळा, विहिरीची जागा सांगणारा पाणाड्या. जो ‘वणी’ आपल्याला प्रत्ययासारखा वाटतो, तो पाणीच आहे, हे ज्या दिवशी ध्यानात आले, त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला ते सांगितले होते.

पाटकरी

शब्दशोध यांना विचारतो. ऊस लावल्यानंतर थोड्याच दिवसांनी जे हलके पाणी देतात त्याला आम्ही आंबवणी म्हणतो आणि ‘चिंबवणी’ हाही शब्द चालतो. हे शब्द त्याच ओळीतले समजावेत का?

शब्दशोध

मोह होतो, पण घाई करू नये. चिंबवणे हे क्रियापद आहे आणि त्याला ‘णी’ लागून पेरणी, कापणी यांच्यासारखे क्रियेचे नाव तयार झालेले दिसते. आंबवणीही तशीच घडलेली असू शकेल. गुळवणीत गूळ आणि पाणी असे दोन पदार्थ आहेत, तर चिंबवणीत एक काम आहे. दिसायला सारखे असले तरी हे शब्द वेगवेगळ्या घरचे आहेत.

खाडीकाठ

मी गोव्याचा आहे. आमच्या घरी कोंकणीत पाण्याला रोज ‘उदक’ म्हणतात. मराठी शाळेत गेल्यावर मला पाणी हा शब्द मिळाला. गंमत अशी की मराठीत उदक म्हटले की ताम्हन आणि पळी डोळ्यांसमोर येते: उदकशांत, गंगोदक, उदक सोडणे. आम्ही मात्र त्याच उदकाने भांडी घासतो. एकाच शब्दाने एका भाषेत देव्हाऱ्यात आणि शेजारच्या भाषेत न्हाणीघरात राहावे, याचे मला लहानपणापासून आश्चर्य वाटत आले आहे.

‘पाणी सोडणे’ या वाक्प्रचाराचे मूळ याच उदकात आहे. दान देताना उजव्या तळहातावर पाणी घेऊन ते बोटांवरून खाली सोडतात आणि ते पडले की वस्तूवरचा आपला हक्क संपतो. शिलाहार आणि राष्ट्रकूट यांच्या ताम्रपटांत जमिनीचे दान उदक सोडून दिल्याचे उल्लेख येतात. आज आपण ‘त्या पैशांवर पाणी सोडले’ असे निराशेने म्हणतो, तेव्हा मूळच्या विधीतली स्वेच्छा त्यातून गेलेली असते आणि फक्त गमावणे उरलेले असते.

खाडीकाठच्या लोकांचे पाणी तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी, अष्टमीच्या सुमारास भांगाचे. ओहोटीला आमच्या बाजूला सुकती म्हणतात. खाजण शेतीत बांधाला मानस असते, म्हणजे पाण्याची झडप. भरतीचे पाणी तिला बाहेरून दाबून बंद करते आणि सुकतीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. बांध फुटून शेतात ‘पाणी शिरले’ असे येथे कोणी म्हटले, तर ते खारे पाणी असते आणि त्या जमिनीत पुढची काही वर्षे भाताची आशा नसते. पाटकरी यांच्या शेतात पाणी शिरणे आणि आमच्या शेतात पाणी शिरणे, या दोन गोष्टींत एवढे अंतर आहे.

नाडीपरीक्षा

मी तालुक्याच्या ठिकाणी वैद्यकीय व्यवसाय करते. रुग्णाच्या तोंडी ‘पाणी’ आले की मला आधी अवयव विचारावा लागतो. पोटात पाणी झाले म्हणजे जलोदर, छातीत पाणी झाले म्हणजे फुप्फुसाच्या आवरणात द्रव साठला, गुडघ्यात झाले म्हणजे सांधा सुजला. बाळंतिणीची पाणमोट फुटली, असे घरातल्या वृद्ध बायका अचूक सांगतात. आणि ‘मला इथलं पाणी लागलं’ असे परगावाहून आलेला मजूर म्हणतो, तेव्हा ताप, जुलाब, अंगावर पुरळ यांपैकी काहीही असू शकते. हेच वाक्य विहिरीविषयी बोलले गेले, तर पेढे वाटतात.

ओंजळ

या धाग्यावर एका पाण्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. ‘हातचे पाणी चालणे’ हा वाक्प्रचार माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत रोजच्या बोलण्यात होता. कोणाच्या हातचे पाणी कोणाला चालते यावरून माणसाची जागा ठरत असे. आजोबा सांगत की गावात त्यांना पाणवठ्याला हात लावता येत नसे. कोणी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत थांबायचे आणि खाली ओंजळ धरायची; अर्धे पाणी कोपरांवरून गळून जाई. माझे येथले नाव मी त्या ओंजळीवरून घेतले आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला आणि महाड नगरपालिकेने त्यानुसार आपले तळे खुले केले. प्रत्यक्षात कोणाला तेथे जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर चाललेल्या दाव्याचा उच्च न्यायालयात निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

अभ्रक यांनी अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, असे लिहिले आहे. चवदार तळ्यावर घेतलेल्या त्या घोटात पानीय आणि अब्रू हे दोन्ही अर्थ एकत्र होते. आमच्या घरी वीस मार्चला ‘पाणी प्यायला गेलो’ एवढेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सारे समजते.

शेवंती

ओंजळ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वर मी लिहिलेल्या माझ्या आजीच्या घरीही बाहेरच्या ओट्यावर एक वेगळा तांब्या उपडा ठेवलेला असे. विशेषणे सांगताना मला तो आठवला नव्हता. तो येथे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

अभ्रक

शब्दशोध यांनी दिलेला वराहमिहिराचा पुरावा मला मान्य आहे. शस्त्राचे पाणी येथलेच, हे मी स्वीकारतो. तरीही पाणउतारा या शब्दाबाबत मी अजून विचार करतो आहे. पात्याचे पाणी उतरते, त्यावरून तो आला असेल की मोत्याची झळाळी जाते, त्यावरून? मोती घामाने आणि अत्तराने निस्तेज होतो, कारण त्याचे थर आम्लाने झिजतात आणि ती झळाळी पुन्हा आणता येत नाही. पात्याला मात्र पुन्हा पाणी देता येते. अपमानानंतर माणसाचे काय होते, यावर या शब्दाचे मूळ ठरावे, असे मला वाटत राहते.

हरणाई

सर्वांचे आभार. इतके प्रतिसाद वाचून मी काल पुन्हा लोहारकाकांकडे गेले आणि पोलाद पाणी ‘पिते’ असे ते म्हणतात का, एवढेच विचारले. ते म्हणाले, ‘पोलाद पितं. लोखंड पीत नाही.’ मग त्यांनी दाखवलेच. एक जाड खिळा लाल करून पाण्यात बुडवला आणि ऐरणीवर ठोकला, तर तो निमूट वाकला. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्याचा बोटभर तुकडा तसाच लाल करून बुडवला आणि ठोकला, तर त्याचे काचेसारखे दोन तुकडे झाले. तुटलेल्या जागी राखाडी, बारीक कण दिसत होते.

‘हे जास्त प्यालं,’ ते म्हणाले, ‘म्हणून याचं थोडं पाणी उतरवावं लागतं.’ पहिल्या दिवशी ते धारेवरचे रंग बघत उभे होते, तेव्हा ते पाणी देत नव्हते, दिलेले पाणी मापात उतरवत होते, हे मला तेव्हा कळले. अभ्रक, तुमच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण लोहाराच्या बोलीत पाणी दोन तऱ्हांनी उतरते. यंत्राच्या चाकावर धार लावताना पाते तापून निळे पडले की ते नको तेवढे उतरते आणि पाते वाया जाते. भट्टीवर मात्र ते बघून उतरवतात. विळ्याला किती, छिन्नीला किती आणि कोयत्याला किती, याचे माप ते रंगावरून सांगतात. कोयत्याला तांबूस. कुऱ्हाडीला त्याहून थोडे पुढे, जांभळा दिसू लागेपर्यंत, कारण तिला मार सोसायचा असतो.